पैसे देऊन पडायला

नमस्कार मंडळी. जेवणं झाली असतील, भांडी राहिली असतील तर राहू देत, रेडिओचा आवाज तेवढा वाढवा. मुलांना जिम्नॅस्टिकच्या क्लासला घालायचं का, हा आजचा विषय. जून आला की शाळेच्या गेटवर हेच चालू असतं, एकीनं घातलं की दुसरीला झोप नाही. मी कोच नाही, डॉक्टर नाही, मी एक आई आहे जिनं आधी चुकीचा क्लास लावला आणि मग बरोबरचा लावला, त्यामुळं तेवढंच सांगते.

आमची चिमी तेव्हा साडेपाच वर्षांची. कपाटावरून गादीवर उडी, सोफ्याच्या पाठीवरून चालणं, दिवसभर हेच. शेजारच्या काकू रोज म्हणायच्या, अगं घाल हिला जिम्नॅस्टिकला, दीपा कर्माकर होईल बघ. आता २०१६ ला रिओच्या ऑलिम्पिकमध्ये दीपा व्हॉल्टला, म्हणजे पळत येऊन टेबलावरून हवेत घ्यायच्या उडीत, चौथी आली, ब्राँझ हुकलं ते ०.१५० गुणांनी, आणि तेव्हापासून सोफ्यावरून उडी मारणारं प्रत्येक पोर आपल्याला दीपाच वाटतंय. पण दीपाचे तळपाय सपाट होते, या खेळाला ते अडचणीचेच, त्यावर तिनं आणि कोचनी किती वर्षं घाम गाळला. म्हणजे उड्या मारतंय म्हणून घाला असं नाही, आणि मारत नाही म्हणून घालू नका असंपण नाही.

घरात आप्पा, माझे सासरे. तरुणपण सगळं तालमीत गेलेलं, दोन्ही कान मोडलेले. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "सूनबाई, कोलांट्या मारायला पैसं? मातीत सोडा की तिला, फुकटात मारंल." मी म्हणलं, आप्पा, माती राहिलीय कुठं? आणि खरंच सांगते मंडळी, विषय वेगळा आहे पण बोलतेच, शाळेच्या मैदानात पेव्हर ब्लॉक बसवायची ही टूम कुणी काढली त्याला एकदा अनवाणी पळायला लावलं पाहिजे. आम्ही पडलो की गुडघ्याला माती लागायची, झटकली की झालं, आता पोरं पडली की टाके. असो.

तर पहिला क्लास. चकाचक हॉल, भिंतभर आरसे, बाहेर मेडल घेतलेल्या पोरांचा हा एवढा फ्लेक्स. मी बघूनच खूश, तीन महिन्यांची फी तिथल्या तिथं भरली. दुसऱ्या दिवशी आप्पा आले बरोबर, बाकावर बसले. आत कोच एका सात-आठ वर्षांच्या पोरीला स्प्लिटमध्ये, म्हणजे दोन्ही पाय पार फाकवून जमिनीला टेकवून, बसवून दोन्ही खांदे धरून खाली दाबत होता, पोर रडतीय, आणि बाहेर आम्ही सगळ्या आया मोबाईल वर धरून व्हिडिओ काढतोय. हो, मीपण काढत होते, खोटं कशाला बोलू. आप्पा उठले आणि सरळ आत. "ओ मास्तर, हात काढा." कोच म्हणतोय, आजोबा स्ट्रेचिंग आहे, दुखणारच. आप्पा म्हणाले, "वस्ताद माझ्या पाठीवर उभा ऱ्हायचा, मला सांगतोस व्हय? पण मी अठरा वर्षाचा गडी होतो तवा. हे दूध पिणारं पोर हाय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चिमीला घेऊन बाहेर आले, फी गेली ती गेलीच.

मग दुसरा क्लास, जुना हॉल, मॅटला ठिगळं, आरसा एक नाही. मॅडम पहिले तीन आठवडे काय शिकवत होत्या माहितीय? पडायला. मागं पडायचं, बाजूला पडायचं, हनुवटी छातीला, अंग गोल, हात मागं टेकायचा नाही, उडी मारली की गुडघे वाकवून उतरायचं. परत पडायचं. मी घरी येऊन कुरकुर केली, पैसे देऊन पडायलाच शिकवतात काय, शेजारची पोरगी कार्टव्हील, म्हणजे हातांवरून बाजूला चाकासारखी कोलांटी, मारून दाखवतीय. आप्पा तेव्हा पहिल्यांदा गप्प बसले.

पुढं जुलैचा पाऊस. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांवर, इशारा पातळी. आणि कोल्हापूरचा माणूस टीव्हीवर पाणी बघून गप्प बसंल व्हय? डोळ्यांनी बघून यायला पाहिजे. आप्पा निघाले पंचगंगेकडं, चिमी बरोबर. गल्लीच्या तोंडालाच शेवाळावरून पाय घसरला, आप्पा मागं गेले आणि उजवा हात टेकला. मनगट मोडलं. दवाखान्यात प्लास्टर चढतंय, आम्ही सगळे भोवती, आणि ही एवढीशी पोर सगळ्यांसमोर कंबरेवर हात ठेवून म्हणते, "आप्पा, तुम्ही हात मागं का टेकला? हनुवटी खाली आणि गोल व्हायचं असतं." डॉक्टर हसायला लागले. आप्पा म्हणाले, "शिकलो हुतो गं बाळे मीबी. इसरलो."

वेळ कमी राहिला बघा, हे सांगायला लागले की असंच होतं. पटपट सांगते. क्लास बघायला जाल तेव्हा फ्लेक्स बघू नका, नवीन पोरांना काय शिकवतात ते बघा. परत सांगते, नवीन पोरांना. मॅट जाड आहे का, एका कोचकडं पोरं किती, पोर रडलं तर कोच काय करतो. आणि आईबापांना आत बसू देत नाहीत म्हणाले तर तिथूनच मागं फिरायचं.

सासूबाईंचा प्रश्न असतो, उंची खुंटते का? आठवड्यातून दोन दिवस खेळून उंची खुंटत नाही. बुटक्या अंगाला हवेत गिरकी सोपी जाते, म्हणून वरच्या पातळीवर बुटकी पोरं टिकतात, आपल्याला वाटतं खेळानं बुटकी झाली. मनगट मात्र सारखं दुखतंय म्हणालं तर दाखवून घ्या, वाढीच्या वयात तिथं ताण येतो.

आणि घाई कशाला? आंतरराष्ट्रीय सीनियर स्पर्धेत मुलीला त्या वर्षात १६ पूर्ण व्हावी लागतात, मुलाला १८. सहाव्या वर्षी सुरू केलं काय आणि आठव्या काय, ज्याला नुसतं खेळायचंय त्याला काही फरक पडत नाही. मुलग्यांनापण घाला, टांगलेल्या रिंग, पॉमेल हॉर्स म्हणजे मुठी लावलेला घोडा, हे त्यांचंच आहे. आप्पांचं अजून म्हणणं आहे मल्लखांबच बरा, आपल्या मातीतला, आणि त्यात मला खोट काढता येत नाही, जवळ चांगला मल्लखांब असेल तर तिथं आधी जा.

फीचं राहिलं. तीन महिन्यांची एकदम मागितली तर म्हणायचं, एक महिन्याची घ्या, पोर रमलं तर पुढची देते. नाही म्हणाले तर राम राम करायचा. आणि त्या महिन्यात व्हिडिओ कमी काढा हो, माझ्याकडून ऐका. पुढच्या बुधवारी याच वेळेला, शाळेच्या डब्यावर बोलू. नमस्कार.