श्रीलंकेला जाताना मराठवाड्याच्या माणसाने काय विसरून जावे

परभणी येथे वाचकांच्या मासिक बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन

मित्रहो, मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांचे क्षेत्रफळ सुमारे 65 हजार चौरस किलोमीटर भरते आणि श्रीलंका हा अख्खा देशही जवळजवळ तेवढाच आहे. हे ऐकले की आपला माणूस लगेच हिशेब मांडतो, की सकाळी परभणीहून निघून दुपारी धाराशिव गाठता येते, तर चार दिवसांत लंका सहज पालथी घालता येईल. पहिल्या खेपेस मीही हाच हिशेब केला होता आणि तो पार फसला. कोलंबो ते कँडी हे अंतर सव्वाशे किलोमीटरसुद्धा नाही, पण घाटाचा रस्ता आणि एकाला एक लागून असलेली गावे यांमुळे मोटारीने तीन-साडेतीन तास सहज जातात. कँडीहून चहाच्या मळ्यांमधून एल्ला येथे जाणारी आगगाडी तर सहा-सात तास घेते. त्या गाडीचे आरक्षण आधीच करावे आणि डोंगरात दरडी कोसळून मार्ग बंद पडत असल्यामुळे निघण्यापूर्वी तो चालू आहे ना, याचीही चौकशी करावी. आठ दिवस हाताशी असतील, तर मुक्कामाची ठिकाणे तीनच ठेवावीत, असे माझे मत आहे.

दुसरा हिशेब ऋतूंचा. आपल्याला एकच पावसाळा ठाऊक. जूनमध्ये येतो आणि पुष्कळदा तोही येत नाही. तिथे पाऊस दोन दिशांनी येतो. साधारण मे ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे कोलंबो, गॉल आणि डोंगराळ भाग भिजवतात, तेव्हा पूर्व किनाऱ्यावरील त्रिंकोमाली, पासिकुडा ही ठिकाणे कोरडी असतात. थंडीत ईशान्येकडून पाऊस आला की चित्र उलटे होते. त्यामुळे मेच्या सुटीत निघणाऱ्याने पूर्व किनारा धरावा आणि डिसेंबरअखेर ते मार्चमध्ये जाणाऱ्याने दक्षिण-पश्चिम किनारा व डोंगर पाहावेत. दिवाळीची सुटी मात्र अडचणीची, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोन्हीकडे पाऊस असतो आणि बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचा काळही तोच. एप्रिलच्या मध्यावर सिंहली व तमिळ नववर्ष येते; त्या दोन-चार दिवसांत दुकाने बंद आणि बसगाड्या तुडुंब असतात.

उन्हाबद्दल आपला गर्व तर फारच नडतो. बेचाळीस अंश सोसणाऱ्याला कोलंबोचे एकतीस अंश काय करणार, असे वाटते. परंतु आपले ऊन कोरडे आहे, घाम सुकतो आणि सुकताना अंग गार करतो. तिथे हवाच इतकी ओली असते की घाम अंगावरच राहतो. परभणीत दोरीवर टाकलेला सदरा तासाभरात कडक होतो. गॉलमध्ये मी खोलीतल्या दोरीवर टाकलेला सदरा तिसऱ्या दिवशी सकाळीही बगलेत ओलसर होता आणि त्याला कुबट वास येत होता. म्हणून पातळ सुती कपडे जास्त न्यावेत, दुपारी बारा ते तीन सावलीत बसावे आणि रस्त्याकडेला मिळणाऱ्या केशरी शहाळ्याचे, ज्याला तिथे तंबिली म्हणतात, पाणी प्यावे. नुवारा एलिया समुद्रसपाटीपासून सुमारे 1,870 मीटर उंचीवर असल्यामुळे तिथल्या रात्रीसाठी स्वेटर मात्र हवाच.

शाकाहारी मंडळींनी आता नीट ऐकावे. भात, पारिप्पू म्हणजे मसुरीची आमटी, फणसाची भाजी आणि बाजूला खोवलेल्या नारळाची लालभडक चटणी, असे ताट समोर आले की आपण निर्धास्त होतो. त्या चटणीला पोल संबोल म्हणतात आणि तिच्यात पुष्कळदा सुक्या माशाचा चुरा असतो. हा चुरा म्हणजे उंबलकड. लाकडासारख्या कडक वाळवलेल्या माशाचे बारीक कुटलेले कण. आमच्या सौभाग्यवतींनी दोन घास खाल्ले, मग बोटावर एक तपकिरी कण घेऊन तो उजेडाकडे धरला आणि माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्याविषयी अधिक न बोललेले बरे. चुरा पालेभाजीतही पडतो, म्हणून ‘मास, मालु, उंबलकड एपा’ हे शब्द पाठ करून जावेत. मांस, मासे आणि तो चुरा नको, असा त्याचा अर्थ. तमिळ वस्तीतल्या शैव खानावळींत ही चिंता उरत नाही.

सर्वांत गंभीर गोष्ट समुद्राची आहे. आपल्यापैकी बरेच जण विहिरीत, गोदावरीच्या डोहात पोहायला शिकले आणि त्यामुळे जिथे लाट नाही, तिथले पाणी सुरक्षित, असे आपले डोळे सांगतात. किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांच्या मधोमध जो सपाट, शांत पट्टा दिसतो, तो बहुधा किनाऱ्यावरचे पाणी परत आत ओढून नेणारा प्रवाह असतो. त्यात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने हातपाय मारून दम घालवू नये. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडावे आणि मग परतावे. लाल झेंडा असेल, तर पाण्यात उतरूच नये.

बाकीचे थोडक्यात सांगतो. निघण्यापूर्वी प्रवेश-परवान्याचे चालू नियम श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहावेत. चलनाचे नावही रुपयाच असल्यामुळे किमती पाहून छाती दडपते, पण आपल्या एका रुपयाचे तिथले तीनाहून अधिक मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये देश हिवतापमुक्त जाहीर केला असला, तरी डेंग्यू आहे, म्हणून डासांचे मलम दिवसाही लावावे. दर पौर्णिमेला ‘पोया’ची सार्वजनिक सुटी असते आणि त्या दिवशी दारूविक्री बंद राहते. विहारात खांदे व गुडघे झाकावेत, पादत्राणे व टोपी काढावी आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून स्वतःचे छायाचित्र कधीही काढू नये. तिथे तो अपमान समजतात.

दुष्काळी भागातल्या माणसाने पोलोन्नरुवाचा ‘पराक्रम समुद्र’ पाहावाच. तो समुद्र नाही. बाराव्या शतकात पराक्रमबाहू राजाने उभा केलेला तलाव आहे आणि त्याच्या पाण्यावर आजही भात पिकतो. तिथून सिगिरिया जवळ आहे. हा सुमारे 200 मीटर उंच कातळ सकाळी दार उघडताच चढावा आणि वाटेत गलका करू नये, कारण कड्यावर गांधीलमाश्यांची पोळी आहेत. पाचव्या शतकात कश्यप राजाच्या काळात रंगवलेल्या तिथल्या स्त्रियांची छायाचित्रे घेण्यास मनाई आहे, म्हणून अजिंठ्याच्या चित्रांशी जी तुलना करायची, ती डोळ्यांत साठवलेल्यावरूनच करावी लागते. त्यासाठी निघण्यापूर्वी अजिंठ्याचे 17 क्रमांकाचे लेणे पाहून जावे. ते साधारण त्याच शतकातले आहे आणि त्याच्या भिंतीवर सिंहल नावाचा व्यापारी हत्ती-घोड्यांसह लंकेत उतरताना रंगवला आहे. अजिंठा सोमवारी बंद असतो.