तीन मीटरची गल्ली

[दृश्य: गोवंडी, नटवर पारेख कंपाउंड. दोन इमारतींमधली गल्ली, कॅमेरा खालून वर.]

भर दुपारचे बारा. बाहेर रस्त्यावर ऊन मी म्हणतंय आणि पहिल्या मजल्यावरच्या या घरात ट्यूबलाइट चालू आहे. ती सकाळी लागते आणि रात्री झोपताना बंद होते. घर २२५ चौरस फुटांचं. एक खोली, ओट्यापुरती जागा, न्हाणी आणि संडास. खिडकीतून आकाश दिसत नाही. दिसते ती समोरच्या बिल्डिंगची खिडकी, आणि तिथल्या गॅसवर काय शिजतंय ते.

खिडकी बहुतेक वेळ बंदच असते. खाली गल्लीत वरच्या मजल्यांवरून पडलेला कचरा साचलाय, सांडपाण्याचा पाइप गळतोय, उंदीर आहेत, डास आहेत. झाडूवाला आत शिरायला तयार नसतो. खिडकी उघडली की आधी वास येतो, मग डास. हवा आलीच तर त्यांच्या मागून.

या दोन भिंतींमधलं अंतर आहे साधारण तीन मीटर. इमारती मात्र तळमजल्यावर सात मजल्यांच्या.

[दृश्य: हार्बर लाइनची लोकल, रुळांलगतची वस्ती.]

इथली बरीच कुटुंबं पूर्वी रेल्वेच्या रुळांलगत, नाहीतर रस्त्याच्या कडेला झोपड्यांत राहायची. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पासाठी रूळ आणि रस्ते मोकळे करायचे होते, म्हणून त्यांना इकडे हलवलं. पक्कं घर मिळालं, नळ आला, दाराला कुलूप लागलं. कागदावर हे पुनर्वसन यशस्वी आहे, आणि ज्यांनी पावसाळ्यात ताडपत्रीखाली रात्री काढल्या त्यांना पक्क्या छताची किंमत कुणी शिकवायला नको. पण काही वर्षांत घराघरांतून टीबीच्या औषधांची पाकिटं दिसायला लागली.

‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आयआयटी मुंबईच्या संशोधकांना सोबत घेऊन तीन वसाहतींचा अभ्यास केला. नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड आणि मानखुर्दची पीएमजी कॉलनी. चार हजारांहून जास्त घरांत जाऊन विचारपूस झाली. कुणाच्या घरात किती उजेड येतो, वारा किती फिरतो, खिडकीतून आकाशाचा किती तुकडा दिसतो, याचा हिशेब संगणकावर मांडला गेला. २०१८ साली निष्कर्ष बाहेर आले. नटवर पारेख आणि लल्लूभाईमध्ये दहातल्या जवळपास एका घरात टीबी सापडला होता. पीएमजी कॉलनीत हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास होतं. पीएमजीमध्ये इमारती एकमेकींपासून लांब आहेत, मध्ये मोकळी जागा आहे. आणि पहिल्या दोन वसाहतींत त्रास जास्त होता तो खालच्या मजल्यांवर, जिथे उजेड सगळ्यात कमी पोचतो.

असा अभ्यास नातं दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. कुणाची कमाई किती, कोण आधीच रोग घेऊन आला, कुणाच्या कारखान्यात धूळ होती, हे सगळं पूर्ण वेगळं काढता येत नाही. तरीही हा आकडा झटकून टाकता येत नाही, कारण हवेचा आणि टीबीचा संबंध तपासून झालेला आहे.

[दृश्य: उन्हाच्या तिरिपेत तरंगणारी धूळ.]

टीबीचा रुग्ण खोकतो, बोलतो, तेव्हा अगदी बारीक कण हवेत जातात. मोठे थेंब जमिनीवर पडतात. बारीक मात्र तासन्‌तास तरंगत राहतात. अमेरिकेत बॉल्टिमोरच्या एका इस्पितळात रिचर्ड रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात याचा प्रयोग केला. टीबीच्या वॉर्डातली हवा नळीने वर गिनीपिगांच्या पिंजऱ्यात सोडली. माणसांशी त्यांचा दुसरा काहीच संबंध नव्हता. तरी त्यांना टीबीची लागण झाली. दुसऱ्या पिंजऱ्यात तीच हवा अतिनील किरणांखालून नेऊन सोडली, तिथे एकालाही लागण झाली नाही. सूर्यप्रकाशातही अतिनील किरण असतात. खिडकीतून येणारा वारा कण विरळ करतो, ऊन जंतू मारतं. गोवंडीच्या पहिल्या मजल्यावर या दोन्हींची वाट अडलेली आहे.

आता थोडं मागे जाऊ. कारण ही गोष्ट मुंबईला नव्याने कळली, असं अजिबात नाही.

[दृश्य: मांडवी, जुन्या इमारतींच्या अरुंद गल्ल्या.]

सप्टेंबर १८९६. मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला आणि शहर हादरलं. लोक गाड्या भरभरून गावी पळाले, गिरण्या ओस पडल्या. दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, सरकारने बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. दाट वस्त्या पाडायच्या, रस्ते रुंद करायचे, हवा खेळती करायची. ट्रस्टने गरिबांची घरं जेवढी पाडली तेवढी बांधून दिली नाहीत, हेही खरं. त्या कारभाराचं गुणगान करायचं कारण नाही. पण त्यांचा एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी तो लावून धरला. या शहरातल्या घरांतला उजेड आणि हवा याच विषयावर त्यांनी १९१२ साली व्याख्यान दिलं होतं. नियम असा: खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेषा काढली, तर ती साडेत्रेसष्ट अंशांहून जास्त चढी नसावी. मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन करून बघा. अर्थ साधा निघतो, समोरची इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्मं अंतर मध्ये मोकळं हवं.

[दृश्य: दादर-माटुंग्याच्या हिंदू कॉलनीतली झाडं, बाल्कन्या. लगेच पुन्हा गोवंडीची गल्ली.]

दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या त्या याच ट्रस्टने. तिथे आज फ्लॅटची किंमत विचारायची सोय नाही, आणि त्या किमतीत झाडांचा, रुंद रस्त्यांचा, उजेडाचा वाटा आहे. आता नटवर पारेखची इमारत घ्या. उंची वीसेक मीटर धरली तर ऑरसाहेबांच्या नियमाने मध्ये दहा मीटर हवेत. आहेत तीन. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजनांना विकास नियंत्रण नियमावलीत मोकळ्या जागेची सूट दिली गेली, कारण थोड्या जागेत जास्त घरं बसवायची होती. इतर इमारतींना मोकळ्या जागेचा जो किमान नियम लागतो, तो इथे शिथिल झाला. सूट बिल्डरला मिळाली. तिची किंमत खालच्या मजल्यावरच्या माणसाने मोजली.

[दृश्य: जुन्या सॅनेटोरियमचा लांब व्हरांडा, लोखंडी खाटा.]

पण मग इतकी वर्षं आरोग्य खात्याला घर का दिसलं नाही? त्याचं एक कारण फार मोठ्या यशात दडलेलं आहे.

१९५६ साली मद्रासमध्ये टीबीवरच्या औषधांचं संशोधन केंद्र सुरू झालं. तोवर टीबी म्हणजे सॅनेटोरियम: डोंगरावरची हवा, दूध, अंडी, महिनोन्‌महिने विश्रांती. भारतात रुग्ण लाखांत, खाटा काही हजारांत. वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब वस्तीतल्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला सॅनेटोरियम, दुसऱ्याला घरीच गोळ्या. वर्षभर औषधं दोघांना तीच. घरी राहिलेल्या रुग्णांचं जेवण निकृष्ट, खोली कोंदट, आणि बरेच जण कामावरही जात होते. तरी १९५९ मध्ये निकाल जाहीर झाला तेव्हा दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले होते. घरातल्या इतरांनाही त्यामुळे जास्त लागण झाली नव्हती, कारण जी व्हायची ती औषध सुरू होण्याआधीच होऊन गेलेली होती.

जगभरची सॅनेटोरियम्स बंद व्हायला या निकालाने मोठा हातभार लावला. गरिबाला घर सोडावं लागलं नाही, नोकरी टिकली. माझ्या मते भारतात झालेल्या वैद्यकीय संशोधनातलं हे सगळ्यात माणुसकीचं काम आहे. फक्त त्याचा अर्थ लावताना एक गफलत झाली. औषध घेतलं तर वाईट घरातही रुग्ण बरा होतो, हे मद्रासने दाखवलं. त्यावरून घर आणि जेवण गौण आहे, असं धोरण रूढ झालं. आजारी पडलेला बरा कसा होईल हा एक प्रश्न. पुढचा आजारी पडणार कोण, हा दुसरा. गोळीने पहिला सुटला.

[दृश्य: झारखंडचं गाव. तराजू, तांदळाची पोती, तूरडाळ.]

दुसऱ्या प्रश्नाला हात घातला डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या अभ्यासाने. झारखंडमधल्या चार जिल्ह्यांत २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं. रुग्णांना सगळीकडेच शिधा दिला. घरातल्या माणसांना मात्र निम्म्या ठिकाणी दिला, निम्म्या ठिकाणी नाही. माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. कुठली नवी लस नाही, महागडं यंत्र नाही. वाण्याच्या यादीत बसेल एवढंच.

ऑगस्ट २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ गटाच्या वैद्यकीय नियतकालिकांत निकाल आले. शिधा मिळालेल्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. थुंकीच्या तपासणीत पक्का ठरणारा टीबी ४८ टक्क्यांनी कमी. आणि ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांचा मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी घटला. चाळीस किलोच्या माणसाला पाच टक्के म्हणजे दोन किलो. औषधाच्या पहिल्या दिवशी दवाखान्यात वजनकाटा नसेल, तर हे दोन किलो वाढले की नाही, कळणार कसं?

सरकारने काही पावलं टाकली आहेत. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत रुग्णाच्या बँक खात्यात पैसे येतात. २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत होते, २०२४ च्या नोव्हेंबरपासून १,०००. घरातल्या इतरांसाठी मात्र धान्याची टोपली देणगीदारांवर, ‘निक्षय मित्रां’वर सोडलेली आहे. म्हणजे मित्र मिळाला तर डाळ.

[दृश्य: गोवंडी. आशाताई जिना चढतायत.]

आशाताईंची फेरी चालू असते. गोळ्या घेतल्या का, खोकला किती दिवसांचा, थुंकीची डबी दिली होती ती भरून दिली का. काही दारांत त्यांना हळू बोलायला सांगतात. घरात लग्नाची मुलगी असते, शेजारी ऐकतील. कुणी नवरा कामावर गेल्यावरच यायला सांगतं. त्या ऐकतात, वहीत नोंद करतात. खिडकीबद्दल त्यांच्या वहीत रकाना नाही. तो कुणाच्याच वहीत नाही. आरोग्य खातं इमारतीचे नकाशे बघत नाही, आणि नकाशे मंजूर करणाऱ्या टेबलावर टीबीची यादी जात नाही.

[दृश्य: धारावी, उंचावरून.]

आता धारावीची पाळी आहे. पात्र कुटुंबांना ३५० चौरस फुटांचं घर, असं जाहीर झालंय. चर्चा होते ती कोण पात्र, कोण अपात्र आणि चौरस फूट किती याची, आणि ती व्हायलाच हवी. त्याच सभेत आणखी एक प्रश्न विचारता येईल, आणि त्यासाठी डॉक्टर असायची गरज नाही. बिल्डिंग किती मजल्यांची, आणि समोरची भिंत माझ्या खिडकीपासून किती मीटरवर?