झाकणाच्या आत

(दृश्य : दादर. जिन्याखालचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. टेबलावरचा दिवा लागतो.)

काकांच्या हातात रबराचा चेंडू आहे. घड्याळ पालथं ठेवलंय. चेंडू झाकणावर दाबायचा आणि तळहात डावीकडे फिरवायचा, बस. झाकण सुटतं. महागडं अवजार नाही, झटापट नाही, केसवर, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचावर, ओरखडाही नाही.

टेबलाच्या या बाजूला उभे असलेले गृहस्थ ठाण्याहून आलेत. नागपूरच्या एका माणसाकडून त्यांनी हे घड्याळ ऑनलाइन घेतलं, ८४,००० रुपयांना. त्या माणसाला ते कधी भेटलेले नाहीत. फोनवर दोनदा बोलणं झालं, पैसे पाठवले, चौथ्या दिवशी पार्सल आलं. जाहिरातीत लिहिलं होतं, 'वडिलांचं ओमेगा सीमास्टर, १०० टक्के ओरिजिनल.'

(दृश्य : भिंगातून मशीन. टिकटिक सांभाळणाऱ्या बॅलन्स व्हीलची थरथर.)

हे मशीन बघा. तांबूस. ओमेगा ही स्विस कंपनी, तिच्या साठच्या दशकातल्या मशीनला असाच तांब्याचा रंग असतो. वर एक लांबलचक नंबर कोरलेला आहे, तो घड्याळाचा जन्मदाखला. शेजारी छोटे आकडे, ५६५. हे मशीनचं मॉडेल. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ओमेगाने ते बसवायला सुरुवात केली. चावी बाहेर ओढली की तारीख टकदिशी बदलते, काटे गरागरा फिरवत बसावं लागत नाही. काका तीन वेळा ओढून दाखवतात. टक. टक. टक.

मशीन अस्सल आहे. ठाण्याचे गृहस्थ सुटकेचा श्वास टाकतात.

काका मात्र भिंग डोळ्यावरून काढत नाहीत. आता ते झाकणाची आतली बाजू दिव्याखाली धरतात. बाहेरून या झाकणावर ओमेगाचा समुद्री घोडा आहे, अर्धा घोडा, अर्धा मासा, घासून घासून पुसट झालेला. आत कंपनीचा ठसा आणि केसचा नंबर. आणि अगदी कडेला सुईने ओरखडल्यासारखं काहीतरी. कॅमेरा जवळ नेल्यावर आम्हालाही वाचता आलं : ५-८६.

काका काही बोलत नाहीत. घड्याळ सुलटं करतात.

(दृश्य : काचेवर तिरका उजेड.)

जुन्या ओमेगाच्या प्लास्टिकच्या काचेत, बरोबर मध्यभागी, कंपनीचं चिन्ह असतं. इतकं बारीक, की उजेड तिरका पाडल्याशिवाय दिसत नाही. या काचेत ते नाही. मग काका डायलच्या तळाशी येतात, सहाच्या आकड्याखाली. काट्यांवर अंधारात चमकणारा लेप आहे. त्या वर्षांत हा लेप ट्रिटियमचा असे, आणि तसं सांगण्यासाठी 'स्विस मेड' या शब्दांच्या दोन्ही बाजूंना एकेक 'टी' छापत. इथे नुसतंच 'स्विस मेड' आहे. अक्षरंही किंचित जाड. पहिला 'एस' खाली झुकलाय.

"डायल रंगवलेली आहे, साहेब," काका म्हणतात. "चांगली रंगवलीय. पण रंगवलीय."

(दृश्य : पहाटेचा चोर बाजार. मटन स्ट्रीट. चादरीवर मांडलेली घड्याळं.)

या एका वाक्याची गोष्ट सांगायला आम्हाला भेंडीबाजारात जावं लागलं.

मुंबई आणि स्विस घड्याळं यांचं नातं फार जुनं आहे. फाव्र-ल्युबा ही कंपनी १८६५ पासून हिंदुस्थानात घड्याळं विकत होती. 'वेस्ट एंड वॉच कंपनी' हे नाव १८८६ पासूनचं. रेल्वेतले, फौजेतले, गिरण्यांच्या हपिसातले लोक ही घड्याळं बांधत. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली, १९६१ मध्ये बंगळुरूला एचएमटीने जपानच्या सिटिझनबरोबर घड्याळांचा कारखाना काढला, आणि स्विस घड्याळ ही चीज एकतर परदेशातून आलेल्या नातेवाइकाकडून मिळायची, नाहीतर गोदीतून चोरून आलेली. हातात आलेलं घड्याळ मग फेकून कोण देणार? ते तीस-तीस वर्षं चालवायचं. मुलीच्या लग्नात जावयाला द्यायचं, आणि जावयानेही पुढची वीस वर्षं वापरायचं.

आणि या शहराची हवा कशी आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. खारी, दमट. चार पावसाळे झाले की डायलवर ठिपके उठतात. घाम काचेच्या कडेने आत शिरतो, चंदेरी रंग काळवंडतो, आकडे सुटतात. अशा डायलचं काय करायचं, हा मुंबईच्या घड्याळवाल्यांपुढचा रोजचा प्रश्न होता. त्याचं उत्तर एका माळ्यावर, लाकडी जिना चढून गेल्यावर, अजून काम करतंय.

(दृश्य : माळा. खिडकीतून उजेड. चाचा डायल चिमट्याने उचलतात.)

चाचा डायल रंगवतात. त्यांचे वडील रंगवायचे. त्यांनी नाव सांगू नका म्हटलं, चेहरा दाखवू नका म्हटलं. हात दाखवायला त्यांची हरकत नव्हती. म्हणून आम्ही हात दाखवतोय.

आधी डायल सोडवायची. तिच्या पाठीला दोन बारीक पाय असतात, ते मशीनमध्ये स्क्रूने धरलेले. डायल बाहेर आली की तिच्यावरच्या धातूच्या खुणा मागून सुईने ढकलून काढायच्या. एकेक खूण ज्या जागची, त्या क्रमाने कागदावर ठेवायची. एक जरी इकडची तिकडे झाली तरी बारा आणि सहा यांची रेघ जुळत नाही, आणि एवढी मेहनत बघणाऱ्याच्या डोळ्यात खुपते.

मग थिनर. कापसाच्या बोळ्याने जुना रंग उतरतो. पन्नास वर्षांचा पिवळेपणा, कुणाच्या तरी मनगटाचा घाम, कंपनीचं नाव, सगळं कापसावर येतं. खाली नुसती पितळेची चकती उरते.

(दृश्य : चकती फिरवत घासणं. फवारा. दिव्याखाली वाळणारी डायल.)

चकती घासायची, ती एकाच दिशेने. मधून कडेकडे किरणं फुटल्यासारखी चमक हवी असेल तर ब्रश मध्यापासून बाहेर न्यायचा. मग रंगाचा पातळ फवारा. वाळवायचं. पुन्हा फवारा. पुन्हा वाळवायचं. धूळ बसू नये म्हणून चाचा पंखा बंद ठेवतात. मे महिन्यात आम्ही तिथे चार तास होतो. त्यांनी पंखा लावला नाही.

आणि आता ज्याच्यासाठी आम्ही तिथे थांबलो होतो ते.

(दृश्य : कोरलेली पत्री. शाई. रबराचा फुगीर गोळा खाली येतो.)

धातूच्या पत्रीवर कंपनीचं नाव खोलगट कोरलेलं आहे. पत्रीवर शाई ओतायची, पात्याने पुसून घ्यायची. शाई फक्त कोरलेल्या खाचांत राहते. वरून सिलिकॉनचा मऊ गोळा येतो, पत्रीला टेकतो, अक्षरं उचलतो आणि डायलवर ठेवतो. एवढंच. एका क्षणात कोऱ्या चकतीला नाव मिळतं. चाचा श्वास रोखून धरतात. आम्हीही.

अशा कोरलेल्या पत्र्या ठेवलेला त्यांच्याकडे एक डबा आहे, बिस्किटांचा. त्यात ओमेगा आहे, फाव्र-ल्युबा आहे, वेस्ट एंड आहे, एचएमटीचा 'पायलट' आहे. ओमेगाच्या पत्रीवर 'टी' नाही. वडिलांनी कोरून घेतली तेव्हा समोर जी डायल होती तिच्यावर नव्हती, म्हणून नाही. ठाण्याच्या गृहस्थांच्या डायलवर दोन अक्षरं कमी कशी, हे त्या डब्यात कळलं.

हे काम चोरीचं नाही. हे आम्ही ठामपणे म्हणतोय, कारण चार तास बघितलंय. गिऱ्हाईक स्वतः घड्याळ घेऊन यायचा आणि म्हणायचा, डायल नवी करून द्या, मुलाच्या मुंजीला घालायचंय. त्याला माहीत असायचं, घड्याळवाल्याला माहीत असायचं, पावतीवर लिहिलेलं असायचं. कुणीच कुणाला फसवत नव्हतं. अजूनही चाचांकडे येणाऱ्या बऱ्याच डायली अशाच येतात.

(दृश्य : मोबाइलच्या पडद्यावर सरकणाऱ्या जाहिराती. नारिंगी, निळ्या, पोपटी डायली.)

मग घड्याळ विकायला इंटरनेट आलं. तेच घड्याळ, तीच डायल. फोटो काढला आणि खाली एक शब्द टाइप केला : ओरिजिनल. पावती कधीच हरवलेली. पुढे पुढे तर घड्याळं विकण्यासाठीच रंगवली जाऊ लागली. एकाचं मशीन, दुसऱ्याची केस, तिसऱ्याचे काटे, आणि वर कंपनीने कधी काढलाच नाही असा झगझगीत रंग. २०१६ मध्ये सरकारने एचएमटीचा घड्याळांचा धंदा बंद करायचं ठरवलं तेव्हा जुन्या एचएमटीवर उड्या पडल्या. परदेशातल्या संग्राहकांनी अशा घड्याळांना नाव ठेवलं, 'मुंबई स्पेशल'. आमच्या शहराच्या नावाची ही शिवी आम्हाला झोंबते. चाचांनी ती ऐकलेली नव्हती. आम्हीही सांगितली नाही.

(दृश्य : पुण्यातलं कॅफे. टेबलावर सात-आठ घड्याळं, हातोहात फिरतायत.)

अनोळखी माणसाकडून महाग घड्याळ घेणारे आता शहाणे होतायत. पुण्यातल्या या मंडळींची रीत साधी आहे. फोटो मागायचे ते झाकण उघडून. मशीनचा फोटो, झाकणाच्या आतल्या बाजूचा फोटो, शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी. तोच फोटो दुसऱ्या कुठल्या जाहिरातीत आहे का ते शोधायचं. व्हिडिओ कॉलवर चावी फिरवायला सांगायची, तारीख बदलायला सांगायची. जमलं तर व्यवहार एखाद्या घड्याळवाल्याच्या टेबलाशीच करायचा, दोघांच्या डोळ्यांदेखत झाकण उघडून. 'बॉक्स आहे, कार्ड आहे' यावर इथे कुणी भाळत नाही. बॉक्स आणि कार्डंही वेगळी विकत मिळतात. खरा विकणारा या मागण्यांनी दुखावत नाही, असा त्यांचा अनुभव. काहींनी तर न मागता झाकण उघडून दाखवलं.

आणि जाहिरातीतले शब्द जपून ठेवायचे. १९३० च्या मालविक्री कायद्यात कलम १५ आहे : जे वर्णन करून विकलं, तसाच माल असला पाहिजे. विकणारा दुकानदार असो की घरगुती माणूस. म्हणून 'ओरिजिनल' या शब्दाचा स्क्रीनशॉट हवा. पैसे गेले आणि पार्सल आलंच नाही असेही लोक आम्हाला भेटले; त्यांनी लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा, जितक्या लवकर तितकं बरं.

(दृश्य : पुन्हा दादर. संध्याकाळ. फोन स्पीकरवर.)

ठाण्याच्या गृहस्थांनी काकांच्या दुकानातूनच नागपूरला फोन लावला. आम्ही परवानगी घेऊन कॅमेरा चालू ठेवला.

"दादा, एक विचारायचं होतं. डायल रंगवलेली निघाली."

पलीकडे बराच वेळ शांतता.

"असं कसं होईल? बाबांनी कुणाला हातसुद्धा लावू दिला नाही त्याला. मी लहानपणापासून असंच बघतोय."

काकांनी हाताने खूण केली, फोन इकडे द्या.

"तुमचे बाबा कधी मुंबईला होते का? शहाऐंशी साली?"

"होते ना. बदलीवर. चार वर्षं. तुम्हाला कसं कळलं?"

"झाकणाच्या आत लिहिलंय. पाच, शहाऐंशी. काम केलं की आम्ही घड्याळवाले आत महिना-साल ओरखडून ठेवतो. घरी जुनी कागदपत्रं असतील तर बघा."

(दृश्य : दुकानावर पावसाची रिपरिप. काका दुसरं घड्याळ उघडतात.)

चाळीस मिनिटांनी फोन वाजला. एका पावतीचा फोटो. दादरच्याच एका दुकानाची, जे आता नाही. कागद घडीवर फाटलेला, शाई जांभळी.

नागपूरच्या माणसाने पंचवीस हजार परत करतो म्हणून सांगितलं, आणि केले. घड्याळ ठाण्यालाच राहिलं. मूळ पावती त्यांनी कुरिअरने मागवली.

(दृश्य : पावती टेबलावर, शेजारी घड्याळ. काका झाकण बसवतात.)

पावतीवर तीन ओळी आहेत. तेलपाणी केले. काच नवीन. डायल रंग. खाली बाबांची सही, मे १९८६.