वेंधळेपणा म्हणून सुटून गेलेला एडीएचडी

नमस्कार श्रोतेहो.

आज एडीएचडीबद्दल, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं कठीण करणाऱ्या, लहानपणापासूनच्या विकाराबद्दल बोलायचं आहे, आणि तेही तिशी-चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांच्या एडीएचडीबद्दल. हे नाव ऐकलं की आपल्यापुढे उभा राहतो तो बाकावर एका जागी न टिकणारा, सारखा उठून पळणारा मुलगा. १९०२ साली लंडनमध्ये डॉ. जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांविषयी व्याख्यानं दिली, आणि पुढची कित्येक दशकं अभ्यास झाला तो बहुतेक मुलग्यांचाच. चंचलता अजिबात नसतानाही लक्ष न टिकण्याचा त्रास असू शकतो, हे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत आलं १९८० साली. आज पन्नाशी ओलांडलेल्या बायका तेव्हा शाळेत होत्या. त्यांच्या बाईंनी ही पुस्तिका वाचली असण्याची शक्यता नव्हतीच.

मुलगी पळत नव्हती, ती खिडकीतून बाहेर बघत बसायची. कुणाला तिचा उपद्रव नव्हता, म्हणून कुणी तक्रार केली नाही. प्रगतिपुस्तकात शेरा यायचा, ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही.’ घरी धांदरट, विसरभोळी, आळशी. लहानपणी निदान होणाऱ्यांत मुलगे मुलींच्या कितीतरी पुढे असतात, मोठेपणी मात्र हे अंतर खूपच कमी होतं. मुली होत्याच. त्यांच्याकडे बघितलं गेलं नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

आता हा त्रास दिसतो कसा, ते जरा जवळून बघू.

दोन ओळींचं उत्तर पाठवायचं आहे. सकाळी मेल वाचली, मनात उत्तरही तयार झालं, तेवढ्यात फोन वाजला. दुपारी आठवलं, तर उत्तरात एक तारीख घालायची होती. तारीख बघायला डायरी काढली, डायरीत भरायचं राहिलेलं बिल सापडलं, बिल भरायला बसली तर पासवर्ड आठवेना. संध्याकाळ झाली, मेल तशीच. तिसऱ्या दिवशी नुसतं उत्तर देऊन भागत नाही, उशीर का झाला तेही लिहावं लागतं, म्हणून ते काम आणखी जड होतं. आठवडा उलटला की ती मेल उघडायचीच धास्ती वाटते. आणि हीच बाई आवडीच्या कामात बुडाली, किंवा मुदत डोक्यावर येऊन ठेपली, की सलग पाच तास मान वर करत नाही. मग ऐकावं लागतं, ‘मनात आणलंस तर करतेस की!’

हे वाक्य फार लागतं. कारण ती रोजच मनात आणत असते. लक्ष तिच्याकडे आहे, पण ते हवं तेव्हा, हव्या त्या कामाकडे वळवणं आणि तिथून काढून घेणं तिच्या हातात नाही. मेंदूतल्या डोपामिनसारख्या रसायनांचा आणि कामांचं नियोजन करणाऱ्या यंत्रणेचा हा प्रश्न आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून त्यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७४ टक्के दिसला आहे. मुलाला तपासायला आणलेली आई प्रश्न ऐकता ऐकता गप्प होते, कारण प्रत्येक प्रश्न तिलाही लागू पडतो, हे अनेकदा घडतं ते त्यामुळेच.

बरं, बाहेरून सगळं सुरळीत दिसतं. उशीर होईल या भीतीने ती तासभर आधी पोचते. एका कामासाठी पाच गजर लावते. पाहुणे येणार म्हणून रात्रभर आवरत बसते. काम झालेलं लोकांना दिसतं, त्यापायी तिची झालेली दमछाक दिसत नाही. घरापासून दूर शिकायला गेल्यावर, नोकरीत जबाबदारी वाढल्यावर, बाळ झाल्यावर ही कसरत कोलमडते. पाळीच्या आधीच्या दिवसांत आणि रजोनिवृत्तीच्या काळात त्रास वाढतो असं अनेकजणी सांगतात. यात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या चढउतारांचा हात असावा असं अभ्यासकांना वाटतं, पण या विषयावर संशोधन फारच तोकडं झालं आहे.

पुष्कळजणींना आधी नैराश्याचं किंवा चिंतेचं निदान मिळतं. ते खोटं असतं असं नाही, दोन्ही एकत्र असू शकतात. पण औषधांनी मन हलकं झालं आणि कामांचा ढीग, विसरणं, वेळेचा अंदाज चुकणं जिथल्या तिथे राहिलं, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘मला एडीएचडी असेल का?’

उलट बाजूही सांगायला हवी. प्रत्येक विसराळूपणा म्हणजे एडीएचडी नव्हे. थायरॉइड, रक्तातलं लोह कमी असणं, अपुरी झोप, सततचा ताण यांनीही असंच होतं. लक्षणांपैकी काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात, आणि घर, काम, नाती अशा एकाहून अधिक ठिकाणी त्यांचा त्रास व्हावा लागतो. पंचेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदाच सुरू झालं असेल तर आधी दुसरी कारणं शोधायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीचा पहिला भाग सहाच प्रश्नांचा आहे. त्यातून शंका पक्की होते, निदान होत नाही. रक्ताच्या तपासणीत किंवा स्कॅनमध्येही ते होत नाही. ते होतं मनोविकारतज्ज्ञांशी किंवा या विषयातल्या मानसशास्त्रज्ञांशी सविस्तर बोलून.

जाताना जुनी प्रगतिपुस्तकं असतील तर न्या. लहानपणापासून ओळखणाऱ्या भावंडाला सोबत घ्या. ‘मी विसरते’ एवढंच सांगू नका. गेल्या महिन्यात काय राहिलं, त्याने काय नुकसान झालं, ते लिहून न्या. आणि ‘एवढ्या शिकलात, नोकरी करता, तुम्हाला कसला एडीएचडी?’ असं कुणी म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. शिक्षण झालं म्हणून विकार नाही, हा निष्कर्ष चुकीचा आहे.

उपचार आहेत. मेथिलफेनिडेट, अ‍ॅटोमॉक्सेटिन यांसारखी औषधं अनेकांना उपयोगी पडतात. रक्तदाब, हृदयाचा त्रास, गर्भारपण, बाळाला पाजणं, हे सगळं डॉक्टरांना आधीच सांगायचं, आणि दुसऱ्याच्या गोळ्या कधीही घ्यायच्या नाहीत. मोठ्यांसाठी आखलेली वर्तनोपचार पद्धतीही आहे. कामाच्या ठिकाणी तोंडी सूचनांऐवजी लेखी सूचना आणि मोठ्या कामाला मधल्या मुदती मागून घेता येतात.

निदान झालं की आधी सुटल्यासारखं वाटतं, मग बऱ्याचजणींना राग येतो, गेलेल्या वर्षांचं दुःख होतं. त्यालाही वेळ द्यावा लागतो. जीव नकोसा वाटत असेल तर मात्र एडीएचडीच्या तपासणीची वाट न बघता आजच मदत घ्या.

आता घरच्यांसाठी. डॉक्टरांची वेळ ठरवणं, कागद शोधणं, तारीख लक्षात ठेवणं, नेमकी हीच कामं तिच्या हातून राहणार आहेत. ‘एवढं वाटतं तर जात का नाहीस?’ असं विचारू नका. शेजारी बसा आणि तिला फोन लावू द्या. नुसतं कुणी शेजारी असलं तरी अनेकजणींना काम सुरू करता येतं. मिळालेली तारीख सगळ्यांना दिसेल अशा जागी लिहा, आदल्या दिवशी आठवण करा, आणि तिची इच्छा असेल तर बरोबर जा.

नमस्कार.