मुका माज

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘म्हशींतील मुका माज आणि संप्रेरकांचे उपाय’. तो वाचूनही एवढ्या खुर्च्या भरल्या, म्हणजे एक तर बडोदेकरांना विज्ञानाची ओढ आहे, नाहीतर नंतर चहाबरोबर बटाटेवडे आहेत ही बातमी फुटलीय.

माझ्या आईने हा विषय कधी तोंडाने उच्चारला नाही. मुलगा कृत्रिम रेतनावर पीएच.डी. करतोय हे दांडिया बाजारातल्या शेजारणींना सांगायचं कसं? ‘दुधाच्या खात्यात आहे’ म्हणायची. मुली बघतानाही तेच. आमच्या हिला खरं काय ते साखरपुड्यानंतर कळलं. ती पहिल्या रांगेत बसलीय, मागे वळून बघू नका.

तर माज, म्हणजे जनावर रेतनाला तयार असतं तो काळ. गाय माजावर आली की सगळ्या गल्लीला कळतं. हंबरते, दुसऱ्या गायींवर चढते. म्हशीचं तसं नाही, तिचा माज मुका. ती दुसरीवर क्वचितच चढते, बळस, म्हणजे माजातला चिकट स्रावही गायीसारखा लोंबत नाही, बसली की थोडासा जमिनीवर सांडतो. त्यात माज बहुधा रात्री किंवा पहाटे. साधारण २१ दिवसांनी येतो, दिवसभरात ओसरतो. हुकला की तीन आठवडे पाण्यात, पेंड मात्र चालूच.

पादऱ्याकडच्या एका गावात एक शेतकरी मला म्हणाला, ‘साहेब, भेंस बोलती नथी.’ तीनदा रेतन केलं, तीनदा उलटली, म्हणजे गाभण राहिली नाही. म्हैस सुरती, विळ्यासारखी शिंगं, गळ्याखाली दोन पांढरे पट्टे. नाव सुरती, पण मूळ पट्टा मही आणि साबरमती यांच्या मधला. आपल्यासारखंच, नाव एका गावचं आणि नांदायचं दुसरीकडे. शेतकऱ्याने आधी रेतमात्रेला शिव्या घातल्या, मग रेतन करणाऱ्या पोराला, शेवटी म्हशीच्या आईला. मी हातमोजा चढवून तपासलं. गर्भाशय छान, बीजांडावर, म्हणजे ओव्हरीवर, पीतपिंडाची, म्हणजे बीज सुटून गेल्यावर तिथे होणारी, ठसठशीत गाठ. म्हणजे बाईसाहेब नियमित माजावर येत होत्या, फक्त त्या दिवशी माजावर नव्हत्या.

तेवढ्यात गोठ्याच्या दारातून त्याची म्हातारी आई म्हणाली, ‘ए तो गया अठवाडिये हती.’ म्हणजे गेल्या आठवड्यात होती माजावर.

मी विचारलं, बा, कशावरून? तिने दार लोटलं. दारामागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा. ज्या पहाटे म्हैस पान्हा सोडत नसे, त्या पहाटे उभी रेघ, बाकी दिवस आडव्या. मी बोटं लावून मोजलं. उभ्या रेघांमध्ये अंतर २१, २०, २२. इतके शिस्तीचे आकडे मला माझ्या विद्यार्थ्यांकडूनही मिळाले नव्हते! म्हटलं, मग मुलाला का नाही सांगितलं? म्हातारी म्हणाली, ‘मने कोणे पूछ्युं?’

मुलगा म्हशीकडे बघायचा सकाळी दहाला, फटफटीचा आवाज आल्यावर. धार काढायची बा, पहाटे चारला.

पुढे मी त्या परिसरात हेच करून पाहिलं. बायकांना विचारायचं आणि त्याच दिवशी म्हशीचं रक्त घेऊन प्रोजेस्टेरॉन, म्हणजे पीतपिंडातून येणारं संप्रेरक, मोजायचं. खऱ्या माजात ते मिलिलिटरला एक नॅनोग्रॅमच्याही खाली उतरतं. बायकांचं आणि प्रयोगशाळेचं बहुतेक वेळा जमलं. आनंदात निबंध लिहिला, पाठवला. परीक्षकाने समासात विचारलं, ‘निरीक्षक प्रशिक्षित होते काय?’ बरं, १९४६ सालापासून हे आपलं आणंदचं अमूल दुधाचा हिशेब चोख ठेवतंय, दोन वेळा माप, फॅटसुद्धा. आणि ज्या बाईचे हात चाळीस वर्षं त्या आचळांवर आहेत ती अप्रशिक्षित! मी तावातावाने दोन पानी उत्तर लिहिलं. पाठवलं नाही. बढती अडली होती. छापून आलं ते असं: ‘प्रशिक्षित निरीक्षकांनी पहाटे निरीक्षणे नोंदवली.’ निबंधातून बा गेली. मीच काढली तिला. हे मी आजवर कुठल्याच परिषदेत बोललो नाही, तिथे वडे नसतात.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, ‘पाच मिनिटे’. अहो, मूळ विषय अजून उघडायचाय! बरं, भराभर. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. उणे १९६ अंशांवर गोठवलेली रेताची कांडी ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट, खिशात घालून ऊब द्यायची नाही. माज दिसतच नसेल तर ओव्हसिंक, १९९५ साली अमेरिकेत गायींसाठी बसवलेली पद्धत. पहिल्या दिवसाला शून्य धरा. शून्याला जीएनआरएच, हे बीज सोडवणारं संप्रेरक, सातव्या दिवशी प्रोस्टाग्लँडिन, ते पीतपिंड विरघळवतं, नवव्याला पुन्हा जीएनआरएच, मग १६ ते २० तासांनी माज न बघता रेतन. हिवाळ्यात, म्हैस नियमित असेल तर बरा गुण येतो. उन्हाळ्यात बीजांडं झोपलेली असली तर नुसत्या सुयांनी भागत नाही, प्रोजेस्टेरॉनचं साधन आत ठेवावं लागतं, शिवाय क्षारमिश्रण, सावली, डुंबायला पाणी. ही सहा चित्रं दाखवायची होती, राहू द्या.

घंटा ऐकली मी. एकच सांगतो. त्याच घरी मी ओव्हसिंक केलं. सातव्या दिवशी टोचलं आणि मुलाला बजावलं, परवाची सुई चुकवू नको, सकाळीच फोन करून आठवण दे. फोन आला नाही. माझ्या वहीत होतं म्हणून दहाला पोचलो. मुलगा बँकेत गेला होता. म्हैस अंगणात बांधलेली, धुतलेली, शेजारी गरम पाण्याची बादली. दारामागे आडव्या रेघांच्या खाली कोळशाचे नऊ टिंब, नववं अजून बोटाला लागत होतं.