चित्रा ताऱ्याच्या सरळ खाली

नमस्कार मंडळी! मे महिना आहे, ढग यायच्या आत एक काम करा, रात्री दहा-साडेदहाला नाशिकच्या लाइटपासून लांब, अंजनेरीच्या बाजूला कुठेतरी जा, चित्रा तारा शोधा आणि तिथून सरळ खाली दक्षिणेकडे बायनॉक्युलर आणा. क्षितिजाच्या साधारण २२ अंश वर एक धुरकट गोल ठिपका दिसेल. तो ओमेगा सेंटॉरी, आपला नरतुरंग तारकासमूहातला तारकागुच्छ. अंतर सुमारे १७ हजार प्रकाशवर्षं, आणि त्या एवढ्याशा ठिपक्यात जवळपास १ कोटी तारे!

एवढ्या दाटीत ते एकमेकांवर आपटत असतील असं वाटतं ना? टक्कर फार क्वचित होते हो. पण शेजारून जाताना ते एकमेकांना ओढतात, दिशा थोडी बदलते, वेग थोडा बदलतो, आणि अब्जावधी वर्षं हेच चालू राहिलं की सगळा गुच्छच बदलून जातो. कॅरममध्ये स्ट्रायकर लागला की सोंगटी सुसाट सुटते आणि स्ट्रायकर मंदावतो, तसा जड तारा हलक्याला वेग देऊन टाकतो, तोही न शिवता, आणि स्वतः मधोमध उतरत जातो. हलके बाहेर सरकतात, काही तर गुच्छ सोडून कायमचे निघून जातात. जड ताऱ्याला लागणाऱ्या या ब्रेकचं गणित आपल्या खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखरांनी १९४३ मध्ये मांडलं.

आणि आता खरी भन्नाट गोष्ट ऐका. गाभ्याने, म्हणजे गुच्छाच्या दाट मधल्या भागाने, अशी ऊर्जा बाहेर दिली की तिथले तारे हळू पडायला हवेत, बरोबर? होतं उलटंच! गाभा आकसतो, त्यामुळे तारे अजून जोरात पळतात, मग अजून ऊर्जा बाहेर जाते, गाभा अजून आकसतो, असं ते वाढतच जातं, यालाच गाभा कोसळणं म्हणतात. याला आवर घालतात जोडतारे. एकमेकांभोवती घट्ट फिरणाऱ्या जोडीजवळून तिसरा तारा गेला की जोडी आणखी जवळ येते आणि तिसरा जास्तीचा वेग घेऊन निघतो, ती ऊर्जा गाभ्याला सावरते.

ओमेगा सेंटॉरी इतका अवाढव्य आहे की एवढ्या वर्षांत त्याचं हे सगळं अजून पूर्ण झालेलं नाही. गाभा कोसळलेला गुच्छ बघायचा तर एम १५ बघा, दिवाळीच्या सुमारास रात्री आठला जवळजवळ डोक्यावर असतो, महाश्व तारकासमूहातल्या घोड्याच्या नाकापाशी. बायनॉक्युलर चालेल, पण कुणाकडे टेलिस्कोप असेल तर मधला भाग किती झगझगीत आहे ते नक्की बघा.