सत्तर हजार डॉलर आणि टेलिफोनवरचा आवाज

श्रोतेहो, नमस्कार.

उसने दिलेले पैसे परत मागताना आपल्याकडे देणाराच ओशाळतो. ‘जरा अडचण होती म्हणून म्हटलं...’ अशी सुरुवात करतो आणि चहा पिऊन रिकाम्या हातानं परत येतो. आज ज्याच्याविषयी बोलणार आहे, तो एका चित्रपटातला पोर्टर नावाचा गृहस्थ या बाबतीत अगदी निर्लज्ज आहे. तो चोर आहे. त्यानं आणि त्याच्या साथीदारानं मिळून एका टोळीचे एक लाख चाळीस हजार डॉलर लुटले. वाटणीच्या वेळी साथीदारानं दगा दिला, पोर्टरच्या बायकोलाही फितवलं. तिनंच पोर्टरला गोळ्या घातल्या आणि दोघांनी त्याला मरायला सोडलं. पोर्टर मेला नाही. बरा झाला आणि शहरात परतला, आपले सत्तर हजार मागायला. फक्त सत्तर. समोरचे गुंड समजतात, साथीदारानं त्यांचं देणं फेडायला दिलेले एक लाख तीस हजार याला हवेत. मग हा प्रत्येकाला थांबवून दुरुस्ती करतो, की एक लाख तीस नाही हो, सत्तर. असा सूड, की ज्याचा हिशेब पै-पैशापर्यंत चोख!

चित्रपटाचं नाव ‘पेबॅक’. फेब्रुवारी १९९९ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. नायक मेल गिब्सन, दिग्दर्शक ब्रायन हेल्गेलँड. दिग्दर्शनाची त्याची ही पहिलीच खेप, पण पटकथालेखक म्हणून नाव झालेलं होतं. मार्च १९९८ मध्ये ‘एल. ए. कॉन्फिडेन्शियल’च्या पटकथेसाठी त्यानं कर्टिस हॅन्सनच्या जोडीनं ऑस्कर घेतलं. आणि ‘पेबॅक’? तो त्याच्या हातातून काढून घेतला गेला. निर्मात्यांना नायक फारच कोरडा वाटला. सिनेमाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग पुन्हा चित्रित झाला, आणि तो हेल्गेलँडनं केला नाही. पडद्यावर दिग्दर्शक म्हणून नाव मात्र त्याचंच राहिलं.

मी पहिल्यांदा पाहिली ती ही चित्रगृहातली आवृत्ती, भाड्याच्या व्हीसीडीवर. सिनेमा दोन तबकड्यांत तोडलेला. ऐन रंगात आला की उठून तबकडी बदलायची. चित्र सगळं निळसर. मला वाटलं, यंत्र बिघडलं. टीव्हीच्या पाठीवर दोन थापाही मारल्या! नंतर कळलं, तो निळा रंग मुद्दाम दिलेला होता.

या आवृत्तीत पोर्टर सुरुवातीपासून आपल्याशी बोलतो. पार्श्वनिवेदन आहे, मिश्कील आहे, आणि त्यानं एक काम चोख होतं: माणूस वाईट असला तरी आपला वाटू लागतो. गुन्हेगारी संघटनेचा सर्वोच्च बॉस ब्रॉन्सन झालाय क्रिस क्रिस्टॉफरसन. त्याच्या मुलाचं अपहरण, पोर्टरच्या पायाच्या बोटांवर हातोडा, शेवटी टेलिफोनला जोडलेला बॉम्ब. मजा येते, नाही असं नाही. सिनेमा संपल्यावर फारसं काही मागे उरत नाही, एवढंच.

आता आठ वर्षं पुढे येऊ. एप्रिल २००७ मध्ये याच सिनेमाची नवी तबकडी आली, ‘पेबॅक: स्ट्रेट अप’. हेल्गेलँडला त्याचं जुनं चित्रण पुन्हा हाती मिळालं होतं आणि त्यानं आपल्या मनातला सिनेमा जुळवला. सुमारे शंभर मिनिटांचा सिनेमा नव्वदीवर आला. निळा रंग गेला. संगीत नवं आलं. बायकोबरोबरची झटापट आता पाहवत नाही इतकी क्रूर आहे. पहिल्या आवृत्तीत वाचलेला कुत्रा इथे मरतो. (हा सिनेमा डीव्हीडीबरोबर ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी अशा दोन्ही नव्या प्रकारांत निघाला होता. त्यातल्या एचडी डीव्हीडीनं पुढच्याच फेब्रुवारीत मान टाकली. ज्यांनी ती घेतली, त्यांचे पैसे मागायला पोर्टर आला नाही.)

पण मी रेडिओचा माणूस, त्यामुळे मला भावलं ते वेगळंच. या आवृत्तीत पार्श्वनिवेदन पूर्ण गेलं. पोर्टर आपल्याला काहीही समजावून सांगत नाही. लंगड्याचं सोंग घेतलेल्या भिकाऱ्याच्या टोपीतली नोट हा उचलतो, तेव्हा हसायचं की चिडायचं ते आपलं आपण ठरवायचं. आणि क्रिस्टॉफरसनही गेला. ब्रॉन्सन आता एक बाई आहे आणि ती दिसतच नाही. फक्त टेलिफोनवरचा आवाज. सत्तर हजारांसाठी एवढी माणसं मारणारा कोण हा, असं तिला पडलेलं कोडं आपण फक्त ऐकतो. शेवट होतो रेल्वे स्टेशनवरच्या गोळीबारात. पोर्टर जबर जखमी होतो. जगला की गेला, ते सिनेमा सांगत नाही.

गंमत अशी, की ही कथा शेवटाच्या बाबतीत आधीही एकदा अशीच वळवली गेली होती. मूळ कादंबरी ‘द हंटर’, १९६२ ची. डोनाल्ड वेस्टलेकनं ती रिचर्ड स्टार्क या टोपणनावानं लिहिली. त्यानं शेवटी नायकाला पोलिसांच्या हाती दिलं होतं. संपादक म्हणाला, याला निसटू दे, पुढची पुस्तकं लिही. वेस्टलेकनं ऐकलं, आणि तो पार्कर नावाचा चोर चोवीस कादंबऱ्या जगला! म्हणजे शेवट बदला म्हणणारा दर वेळी चुकतोच असं नाही. कादंबरीत रक्कम पंचेचाळीस हजार होती. १९६७ मध्ये याच कादंबरीवर ली मार्विनला घेऊन ‘पॉइंट ब्लँक’ हा सिनेमा निघाला, तिथे ती त्र्याण्णव हजार झाली, आणि पोर्टरपाशी सत्तर. महागाईचा हिशेब काही जुळत नाही. नायकाचं नावही दर वेळी वेगळं, कारण एकाच सिनेमापुरतं पार्कर हे नाव द्यायला वेस्टलेक राजी नव्हता.

माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला चित्रगृहातलीच आवृत्ती पाहा, नाहीतर दुसरीत काय गाळलंय ते कळणार नाही. आणि ‘स्ट्रेट अप’ लावाल, तेव्हा बॉसचा फोन आला की दोन मिनिटं डोळे मिटा. नुसतं ऐका. तो आवाज अभिनेत्री सॅली केलरमनचा आहे.

नमस्कार.